संपर्क : मुलीचे मामा

माझी आत्या वधू-वर सूचक मंडळ चालवते. आलेले सगळे बायोडेटा तिने एकाच लांबलचक वर्ड फाइलमध्ये एकाखाली एक चिकटवलेत. "तू कॉम्प्युटरमधला ना? यातले नुसते फोन आणि ईमेल वेगळे काढून दे. दोन मिनिटांचं तर काम!" काम दुसऱ्याचं असलं की ते दोन मिनिटांचंच असतं.

तशी रेगेक्सची, म्हणजे मजकुरातून ठरावीक नमुन्याचे तुकडे शोधून काढणाऱ्या सांकेतिक सूत्रांची, सोय याचसाठी तर आहे. क्लेनी नावाच्या गणितज्ञाने १९५०च्या दशकात चेतापेशींच्या जाळ्यांचा विचार करता करता तिचा पाया घातला आणि केन थॉम्पसनने १९६८ मध्ये ती मजकूर शोधायच्या कामाला जुंपली. दोघांपैकी कोणीही मुलीच्या मामांनी टाइप केलेला बायोडेटा वाचलेला नव्हता.

बॅकस्लॅश डी, पुढे महिरपी कंसात दहा. म्हणजे सलग दहा अंक. धडाधड नंबर आले. आत्याने पहिलाच फिरवला, तर तिकडून बाई सांगते, हा क्रमांक अस्तित्वात नाही. नसणारच! नोंदणी शुल्काच्या बारा आकडी यूपीआय क्रमांकाचे ते पहिले दहा आकडे होते. मग मोठ्या क्रमांकाचा तुकडा उचलला जाऊ नये म्हणून दोन्ही टोकांना शब्दाची हद्द घातली. शिवाय आपल्याकडे मोबाइल सहा ते नऊनेच सुरू होतो, म्हणून पहिल्या अंकासाठी चौकटी कंसात तेवढेच चार आकडे ठेवले. त्याबरोबर कितीतरी स्थळं गायब! या मंडळींनी नंबर देवनागरीत लिहिले होते. पायथन या प्रोग्रामिंग भाषेतला बॅकस्लॅश डी देवनागरी आकडे निमूट ओळखतो. पण चौकटीत इंग्रजी सहा ते नऊ लिहिलं की त्याला मराठी कळेनासं होतं.

बाकीच्यांची तऱ्हाही काही कमी नाही. कोणी पाच-पाचचे गट पाडतो, कोणी पुढे शून्य लावतो, कोणी अधिक एक्क्याण्णव. एकाने तर शून्याच्या जागी इंग्रजी ओ ठोकलाय. ईमेल काहींनी अक्षरी लिहिलाय, 'ॲट द रेट जीमेल डॉट कॉम'. पत्ता शेजाऱ्याला फोनवर सांगावा तसा. आणि नंबराच्या शेवटी '४५/४६' म्हणजे काय, हे मराठी माणसाला न सांगता कळतं: पहिला लागला नाही तर शेवटचे दोन आकडे बदलून लावा. हे रेगेक्सला शिकवताना माझा नमुना दीड ओळीचा झाला. दुसऱ्या दिवशी तो माझा मलाच वाचता येईना.

शेवटी यादी आत्याच्या हातात ठेवली. तिने चष्मा वर करून एकदा वरून खाली बोट फिरवलं.

"आणि बदलापूरचे मामा कुठे गेले?"

फाइल उघडून पाहिली. मामांनी संपर्कापुढे लिहिलं होतं, 'नंबर ताईंकडे आहेच.'