सभा कशी उरकावी

डिसेंबर २०२५ मध्ये निवडून आलेल्या तमाम नगरसेवक बंधुभगिनींनो, जवळपास चार वर्षं प्रशासकाच्या राज्यात आम्ही तुमच्या वाटेकडं डोळे लावून होतो. परवाची सर्वसाधारण सभा मी मागच्या प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसून अकरा मिनिटं बघितली. म्हणजे पूर्ण बघितली. त्यावरून नव्यांसाठी चार गोष्टी.

विषयपत्रिका घरी वाचू नका. सभागृहात तर मुळीच नको.

"विषय क्रमांक सा..." एवढं कानावर पडलं की "मंजूर!" म्हणा. सूचक-अनुमोदकाची नावं मागाहून भरतात.

पाणी आठ दिवसांआड की दहा, हा ज्याच्या-त्याच्या टाकीचा प्रश्न.

ताईंनो, ५० टक्के आरक्षण २०११ पासून आहे, पण बोलायची घाई नको. घरचे साहेब उभे आहेत ना दाराशी, फोन कानाला लावून.

विरोधकांनी सभेत तोंड उघडू नये. नगरपरिषद कायद्याच्या कलम ३०८ खाली ठराव थांबवा म्हणून जिल्हाधिकाऱ्यांकडं अर्ज टाकला की पेपरात फोटो येतो.

आता शाळा. विषय निघालाच तर टोलवा. आमची शाळा जिल्हा परिषदेची, जागा नगरपालिकेची, मुलींची मुतारी कोणाचीच नाही. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यानं शाळा व्यवस्थापन समितीत तीन-चतुर्थांश पालक असतात, त्यातला मी एक. आमची सभा कशी होते? संध्याकाळी शिपाई मोटारसायकलवर रजिस्टर घेऊन घरी येतो. रकान्यावर बोट ठेवतो, "इथं करा." वर लिहिलेलं असतं, "सविस्तर चर्चा होऊन चहापानानंतर सभा संपली." चहा त्याला मीच पाजलेला! मुतारीच्या दाराचं विचारलं तर म्हणाला, "ते नगरपालिकेचं हो, उगं आम्हाला कशाला?" नगरपालिकेत गेलो, तर समितीचा ठराव आणा. आणला. तीन महिन्यांनी तो परवा विषय क्रमांक नऊ म्हणून आला आणि मंजूरही झाला! खर्च कुठल्या हेडातून, दार कधी बसणार, एकानंही विचारलं नाही. एक जण वडा खात होता. इतिवृत्तात काय येणार तेही ठाऊक आहे, "निधीच्या उपलब्धतेनुसार."

कसला निधी? एक पत्रा, दोन बिजागऱ्या, एक कडी. ऐनवेळच्या विषयात तुमच्या गल्लीचे पेव्हर ब्लॉक दोन मिनिटांत घुसले, त्याला नव्हता लागला निधी? दाराच्या जागी पोतं टांगलंय तिथं. एक पोरगी आत जाते, दुसरी बाहेर पोतं धरून उभी राहते. सातवीतल्या दोघी मधल्या सुट्टीत घरी जातात त्या परत येत नाहीत. लाज वाटत नाही का रे? आणि आपण पालक! न झालेल्या सभेच्या रजिस्टरवर सह्या ठोकणारे आपणच. मीही ठोकल्यात, दोनदा.

पुढच्या सभेला ते पोतं घेऊन येतोय. धरून उभं राहायला तुमच्यातला एक जण लागेल.