ऑरेंज अलर्ट आला, पण कामाला नेमके कोण लागले?

हवामान खात्याने रेड अलर्ट द्यावा आणि नेमके त्याच दिवशी लख्ख ऊन पडावे, की दुपारपर्यंत व्हॉट्सअॅपवर खात्याची यथेच्छ टिंगल सुरू होते. यंदाचा उन्हाळाही त्याला अपवाद नाही. खात्याचे अंदाज कधी कधी चुकतात, हे मान्य करूनही ही टिंगल चुकीच्या पत्त्यावर जाते असे माझे मत आहे. इशारा बरोबर ठरला त्या दिवशी त्यावरून कोणी काय केले, हा प्रश्न आपण फारसा विचारत नाही. मला तो अधिक महत्त्वाचा वाटतो.

खात्याच्या इशाऱ्यांच्या रंगांना ठरलेले अर्थ आहेत. हिरवा म्हणजे काही करण्याची गरज नाही, पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, नारिंगी म्हणजे तयारीत राहा आणि लाल म्हणजे कृती करा. मैदानी भागात कमाल तापमान किमान 40 अंशांवर गेले आणि ते सरासरीपेक्षा साडेचार अंशांनी किंवा अधिक वाढले, तर उष्णतेची लाट मानतात. तापमान 45 अंशांवर पोहोचले तर सरासरी न पाहताही लाट धरली जाते. किनारपट्टीसाठी 40 ऐवजी 37 अंशांचा उंबरठा आहे. म्हणजे मोजमाप आहे, रंग आहेत, आणि रंगांसोबत क्रियापदेही आहेत. त्या क्रियापदांचा कर्ता मात्र कुठे लिहिलेला सापडत नाही. तयारीत राहायचे ते महापालिकेने, तहसीलदाराने, ठेकेदाराने की डोक्यावर घमेले घेतलेल्या बाईने?

आमच्या नागपुरात मे महिन्यात 45 अंश ही काही बातमी राहिलेली नाही. दुपारी काही चौकांतले सिग्नल बंद ठेवणे, सिग्नलपाशी हिरव्या जाळ्यांचे मांडव घालणे असे उपाय इथे झाले आहेत आणि दुचाकीवर तोंडाला दुपट्टा गुंडाळून थांबणाऱ्या माणसाला त्यांचे मोल कळते. पण त्याच रस्त्यालगत इमारतीचा स्लॅब पडत असतो. ठिय्यावरून सकाळी आणलेले मजूर भर दुपारी दोन वाजता सळ्या बांधताना दिसतात आणि त्या सळ्या हाताला चटका देतात म्हणून तळहातांना चिंध्या गुंडाळलेल्या असतात. पिण्याच्या पाण्याचा प्लास्टिकचा ड्रम उन्हातच ठेवलेला असतो, त्यातले पाणी तोंडात धरवत नाही. ‘अलर्ट आहे ना?’ असे मी तिथल्या मुकादमाला एकदा विचारले, तेव्हा तो म्हणाला, ‘साहेब, अलर्ट मोबाईलवर आहे, रोजी साईटवर आहे.’

खरी मेख इथे आहे. ‘दुपारी 12 ते 4 या वेळेत घराबाहेर पडू नका’ ही सूचना ज्याला ती पाळणे परवडते, त्याच्यासाठीच लिहिलेली असते. रोजंदारीवरच्या माणसाने ती पाळली तर संध्याकाळी हातात काही पडत नाही, त्यामुळे तो ती वाचतो आणि कामावर जातो. त्याला आपण अडाणी किंवा बेफिकीर म्हणणे निव्वळ अन्याय आहे.

शिवाय केवळ आकड्यावर भिस्त ठेवून भागत नाही. 16 एप्रिल 2023 रोजी खारघरला महाराष्ट्र भूषण पुरस्काराच्या सोहळ्यात लाखोंचा जनसमुदाय उघड्या मैदानावर तासन्‌तास बसला आणि उष्माघाताने 14 जणांचा जीव गेला. विदर्भातल्या माणसाला तिथले तापमान किरकोळच वाटले असते. पण किनारपट्टीच्या दमट हवेत घाम वाळत नाही आणि घाम वाळला नाही तर शरीर थंड होत नाही. डोक्यावर मांडव हवा होता, तो नव्हता. त्यानंतर दुपारी 12 ते 5 या वेळेत उघड्यावर शासकीय कार्यक्रम घेऊ नयेत असे सरकारने ठरवले, हे योग्यच झाले. पण अशी अट एवढी किंमत मोजल्यावर आली, याचे वाईट वाटते.

अहमदाबादने हे आधी ओळखले. मे 2010 च्या लाटेत तिथे नेहमीपेक्षा 1344 मृत्यू जास्त झाल्याचे अभ्यासातून पुढे आले आणि 2013 मध्ये त्या शहराने उष्णता कृती आराखडा आखला. इशारा आल्यावर कोणत्या विभागाने काय करायचे आणि सगळ्यांचा समन्वय कोणत्या अधिकाऱ्याने ठेवायचा, हे त्यात आधीच लिहून ठेवलेले आहे. असे आराखडे आपल्याकडेही आहेत, नागपुरातही आहे. पण आराखड्यातली ‘करावे’, ‘पाहावे’, ‘विचार व्हावा’ ही भाषा जोवर ठेकेदाराच्या करारात अट म्हणून उतरत नाही, तोवर तो कागद कपाटातच राहणार.

वादळाची गोष्ट वेगळी नाही. 13 मे 2024 रोजी मुंबईत धुळीचे वादळ उठले आणि घाटकोपरला पेट्रोल पंपावर जाहिरातीचा अजस्र फलक कोसळून 17 जण दगावले. पालिकेची मर्यादा 40 बाय 40 फुटांची असताना तो फलक 120 बाय 120 फुटांचा होता. अशा फलकाखाली उभ्या असलेल्या माणसाला तीन तास आधी संदेश मिळाला तरी त्याने काय करायचे? ते काम वादळाच्या कितीतरी महिने आधी, परवानगीच्या टेबलावर व्हायला हवे होते.

विजेच्या बाबतीत मात्र संदेश खरोखर जीव वाचवू शकतो. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामान संस्थेचे ‘दामिनी’ अॅप आसपास वीज पडण्याची शक्यता आधी कळवते. पण वळिवाची सर आली की शेतकरी झाडाखाली धावतो, मोबाईल धुऱ्यावरच्या पिशवीत असतो आणि शिवारात रेंज असतेच असे नाही. अशा वेळी देवळावरचा भोंगा कुठल्याही अॅपपेक्षा लवकर पोहोचेल. तो कोणी वाजवायचा, हे ग्रामपंचायतीने एकदा ठरवून टाकले की झाले, त्याला निधी लागत नाही.

पुराचे म्हणाल तर 2025 चा मे आठवा. 26 मे रोजीच मोसमी पाऊस मुंबईत दाखल झाला आणि कुलाब्याने मे महिन्याच्या पावसाचा 1918 सालचा विक्रम मोडला. नालेसफाईची मुदत मात्र नेहमीप्रमाणे 31 मे होती. त्याच 26 मे रोजी आचार्य अत्रे चौकाच्या नव्याकोऱ्या भुयारी मेट्रो स्थानकात पाणी शिरले. आभाळाने तारीख बदलली तरी फाईल आपल्या तारखेनेच चालली.

मला विचाराल तर सुरुवात पैशापासून व्हावी. ‘सेवा’ या असंघटित कष्टकरी महिलांच्या संघटनेने आपल्या सदस्यांसाठी तापमानाशी जोडलेला विमा आणला आहे. तापमानाने ठरलेली पातळी ओलांडली की दाव्याचे कागद न भरता खात्यात रक्कम जमा होते. रक्कम मोठी नसते, तरी एखाद्या दिवसाच्या खाड्याला तिचा टेकू मिळतो. हीच व्यवस्था सरकारी बांधकामांच्या निविदांमध्ये घालता येईल. नारिंगी इशारा असेल तर दुपारचे चार तास काम बंद राहील, मजुरी कापली जाणार नाही, कामाची मुदत तेवढी वाढेल आणि हा खर्च अंदाजपत्रकात आधीच धरलेला असेल. सिमेंटचे भाव वाढले तर अनेक करारांत ठेकेदाराला फरक मिळतो. मग उन्हाचा फरक मजुराला का मिळू नये, याचे उत्तर निविदा काढणाऱ्या अभियंत्यांनी द्यावे. आपल्यापैकी कोणी त्या खात्यात असेल तर खाली जरूर लिहा.