दहाव्याला कावळा शिवेना

वर्षातल्या उत्तम दहा ॲनिमे, म्हणजे जपानी ॲनिमेशन मालिकांची यादी करायची म्हटलं की लोकांना वाटतं, आवडीचा मामला आहे, पाच मिनिटांत उरकेल. आवडीचा भाग पाच मिनिटांचाच असतो. बाकी सगळं काम तलाठ्याचं. कुठली मालिका कोणत्या वर्षाच्या सातबाऱ्यावर चढवायची, फेरफार कधीचा धरायचा, हिस्सा किती. नमुन्याला २०२३ घ्या. त्या वर्षाने भल्याभल्यांचे हिशेब चुकवले.

आधी वेळेचं गणित. जपानात वर्षाचे चार हंगाम, जानेवारी, एप्रिल, जुलै आणि ऑक्टोबरपासून. एका हंगामाचा ऐवज म्हणजे ‘कूर’, साधारण १२-१३ भाग. भाग २४ मिनिटांचा, त्यात दीड मिनिट सुरुवातीचं गाणं आणि दीड मिनिट शेवटचं. बारा भागांना ४ तास ४८ मिनिटं लागतात, गाणी उडवली तर ४ तास १२. (गाणी उडवणाऱ्याने यादी करू नये, हे माझं मत.) हंगामाला दहाच मालिका धरल्या तरी वर्षाला चाळीस, म्हणजे १९२ तास. जेवण, झोप, नोकरी सोडून अखंड सप्ताह आणि वर काल्याचा एक दिवस.

म्हणून चाळणी लावतात. तीन भाग बघायचे, पटलं नाही तर उठायचं. २०११ साली ‘मादोका माजिका’च्या तिसऱ्या भागात प्रेक्षकांच्या पायाखालची वाळू सरकली, तेव्हापासून तर या नियमाला फारच मान. पण २०२३मध्ये ‘ओशी नो को’चा पहिला भागच दीड तासाचा निघाला. ‘फ्रीरेन’ने त्याच्यावर कडी केली. २९ सप्टेंबरला, शुक्रवारच्या सिनेमाच्या वेळेत, एका दमात चार भाग. तीन घास खाऊन उठणाऱ्याच्या पानात वाढप्याने पहिल्याच वाढीला चार जिलब्या टाकाव्यात, तसं झालं.

फ्रीरेनची खरी भानगड पुढेच आहे. पहिल्या सीझनचे भाग २८. डिसेंबरअखेर १६ झाले, उरलेले १२ पुढच्या जानेवारी ते मार्चमध्ये. म्हणजे तेवीसच्या यादीत घ्यावी तर जादूगारांची परीक्षा रंगण्याआधीच निकाल लावल्यासारखं होतं, आणि चोवीसमध्ये ढकलावी तर जिच्यामुळे सगळ्यांचा शरद ऋतू सार्थकी लागला ती यादीत नाही. नियम एकच ठेवावा: मालिका ज्या वर्षी संपली, ते तिचं वर्ष. नियम चोख आहे, फक्त वापरताना पोटात कालवतं. ॲनिमे दाखवणाऱ्या क्रंचीरोल या संकेतस्थळाच्या पुरस्कारांत २०२४ला सर्वोत्तम ठरली ‘जुजुत्सु काइसेन’चा दुसरा सीझन. २०२५ला फ्रीरेन स्पर्धेत होती, तर मान गेला ‘सोलो लेव्हलिंग’ला. तिथे प्रेक्षकांची मतंही मोजतात. आता पुण्यात सगळ्यांत मोठी रांग दगडूशेठला, पण मानाच्या पाच गणपतींत त्याचं नाव नाही, आणि दोन्हीकडचे लोक समाधानी आहेत. ॲनिमेवाल्यांना हे का जमत नाही कोण जाणे.

‘अटॅक ऑन टायटन’चा ‘शेवटचा सीझन’ डिसेंबर २०२०मध्ये सुरू झाला आणि ४ नोव्हेंबर २०२३ला संपला. येतो हं, निघतो हं म्हणत पाहुण्याने उंबऱ्यात तीन वर्षं काढली. त्यातून तेवीसच्या वाट्याला फक्त दोन लांबलचक विशेष भाग, मार्चमध्ये एक आणि नोव्हेंबरमध्ये एक. दोन भागांना मालिका म्हणायचं का? मी वेगळ्या पानावर लिहितो आणि विषय बदलतो.

दुसऱ्या सीझनच्या गुणांवर तर डोळे झाकून विश्वास ठेवू नये. पहिला सीझन ज्यांना आवडला नाही ते कधीच उठून गेलेले असतात, मत द्यायला उरतात ते भक्त. सरासरी आपोआप फुगते. याला सणसणीत अपवाद ‘विनलँड सागा’चा दुसरा सीझन. २४ भाग, आणि तलवारीसाठी आलेल्यांना मिळाली शेती. थोरफिन आणि आयनार हे दोन गुलाम जंगल तोडतात आणि खुंट उपटायला बसतात. मुळं सुटत नाहीत, घोडा हवा, आणि घोडा कोणी देत नाही. अखेर म्हातारा स्वेरकेल देतो. गव्हाचे कोंब वर येतात तर जळकुटे गडी रात्रीत उपटून टाकतात. ज्याने बांधावरची भांडणं पाहिली आहेत त्याला यात व्हायकिंग दिसतच नाहीत, शेजारचा दिसतो. माझ्या यादीत पहिला नंबर हाच.

डिसेंबरचा दगा वेगळाच. ऑक्टोबरच्या मालिका कढईतल्या गरम भज्या, जानेवारीच्या गारढोण. उपाय म्हणजे प्रत्येक भाग संपल्यावर वहीत एक ओळ आणि दहापैकी गुण, त्याच रात्री. शेवटच्या भागाचे गुण मात्र पंधरा दिवसांनी, कारण रडून झाल्यावर लगेच सगळ्यांनाच दहा वाटतात. मग जोड्या लावायच्या. बारा नावं उरली तर ६६ कुस्त्या. त्यात हमखास गाठ बसते: विनलँड जुजुत्सुला चीत करते, जुजुत्सु ओशी नो कोला, आणि ओशी नो कोचा पहिला भाग आठवला की विनलँडच आडवी. अशा वेळी तिघींचे सगळ्यांत पडेल भाग समोरासमोर ठेवावेत. जिचा पडेल भागही त्यातल्या त्यात बरा, ती वर. ‘प्लूटो’ला ही कसोटी फार सोपी जाते, तिचे भागच आठ. पण एकेक जवळपास तासाचा, आणि सगळे एकाच दिवशी हातात. आठवडाभर तळमळायला न लावणाऱ्या मालिकेचा अर्धा गुण मी कापतो.

पहिल्या नऊ जागा अशा भरतात. दहावी भरत नाही. तिथे सहा-सात जणी घुटमळत असतात आणि त्यात असते ‘झॉम १००’. पिळून काढणाऱ्या कंपनीत राबणारा आकिरा झॉम्बी आल्यावर आनंदाने उडी मारतो, कारण आता ऑफिसला जायला नको. मग मरायच्या आधी करायच्या शंभर गोष्टींची यादी लिहितो. जुलैमध्ये सुरू झालेली ही मालिका निर्मितीत रखडली आणि शेवटचे तीन भाग एकदम आले ते २५ डिसेंबरला, सगळ्यांच्या याद्या पक्क्या झाल्यावर. शंभर इच्छा घेऊन आलेली, तीही उशिरा. दहाव्याला कावळा शिवणार कसा? पान ठेवून आपण बोलत राहतो: बाई, पहिल्या भागातल्या त्या रंगांचे शिंतोडे विसरणार नाही, दुसरा सीझन आला तर थेट पहिल्या पाचांत घेऊ, विनोदी गटात वेगळं पान वाढू. कावळा फांदीवरून हलत नाही. मग दर्भाचा करतात तसं यादीच्या तळाशी ‘विशेष उल्लेख’ लिहायचं, पाण्यात हात बुडवायचा आणि जानेवारीचा पहिला भाग लावायचा.