मोगऱ्याच्या मेणबत्तीबद्दलच्या आपल्या तक्रारीस दुकानाचे उत्तर

सप्रेम नमस्कार.

आपण आमच्या नौपाड्यातील दुकानातून नेलेल्या 200 ग्रॅमच्या मोगऱ्याच्या मेणबत्तीला एकच तारा दिला आहे. 40 तास चालेल असे सांगून दिलेली मेणबत्ती 15 तासांत निकामी झाली, मधोमध खड्डा पडून कडेचे मेण तसेच राहिले, भिंतीवर काजळी धरली, मग काच तडकली आणि घाबरून पाणी ओतल्यावर तापलेले मेण टेबलावर उडाले, असे आपण लिहिले आहे. शेवटी ‘असला धोकादायक माल विकताना काही वाटते की नाही?’ असे विचारले आहे. वाटते, आणि म्हणूनच आपण टाकलेले दोन्ही फोटो मोठे करून नीट पाहिल्यानंतरच हे उत्तर लिहीत आहे.

काच तडकण्यात आमची चूक आहे. वातीच्या बुडाशी पत्र्याची एक छोटी चकती असते, ती भांड्याच्या बरोबर मध्यभागी चिकटवावी लागते. आपल्या भांड्यात ती नखभर बाजूला सरकलेली दिसते, म्हणजे मेण ओतताना आमच्याकडून लक्ष राहिले नाही. त्यातच काचेच्या एकाच बाजूला वरपर्यंत काळा पट्टा आहे आणि समोरची बाजू जवळपास स्वच्छ आहे. याचा अर्थ ज्योत सतत त्या एका बाजूला कलत होती. वात आधीच त्या कडेला असल्यामुळे काच तिथेच जास्त तापली, आणि तडाही त्याच पट्ट्यातून सुरू झालेला दिसतो.

ज्योत एका बाजूला कलते ती वाऱ्याने. मेणबत्ती पंख्याखाली होती असे आपणच लिहिले आहे. समई आपण पंख्याखाली ठेवत नाही, पण सुगंधी मेणबत्ती मात्र शोभेची वस्तू समजून टीपॉयवर, नेमकी पंख्याखाली येते. घोडबंदर रस्त्याच्या बाजूला उंच मजल्यांवर राहणारी आमची गिऱ्हाइके तर पंखा बंद ठेवूनही हीच तक्रार आणतात, कारण बाल्कनीचे दार उघडे असते.

काजळीचे दुसरे कारण लांब वात. मेण वितळून वातीतून वर चढते, त्याची वाफ होते आणि ती वाफ जळते. वात लांब राहिली की ज्योतीला पेलवेल त्याहून जास्त मेण वर येते आणि न जळलेला कोळसा काजळी होऊन उडतो. समईची काजळी झाडतो तसे इथेही करावे लागते. मेणबत्ती पूर्ण गार झाल्यावर, दर वेळी पेटवण्यापूर्वी, वातीच्या टोकावरचा काळा गोंडा काढून वात 5 ते 6 मिलिमीटर एवढीच ठेवायची, आणि कापलेला तुकडा मेणात पडू द्यायचा नाही.

मधला खड्डा मात्र पहिल्या दिवशीच पडलेला असावा. आपण रोज संध्याकाळी अर्धा-पाऊण तास मेणबत्ती लावत होता. पहिल्या वेळी वितळलेले मेण काचेच्या कडेपर्यंत पोहोचले नाही, तर पुढेही बहुधा तेवढ्याच वर्तुळात वितळत राहते आणि वात खोल जाते. भांड्याच्या रुंदीच्या दर अडीच सेंटिमीटरला साधारण एक तास असा हिशेब आहे, म्हणजे आपल्या 8 सेंटिमीटरच्या भांड्याला पहिल्या दिवशी तीन तास हवे होते. चार तासांपुढे मात्र सलग जाळू नये, आणि तळाशी सेंटिमीटरभर मेण उरले की थांबावे, कारण त्यानंतर ज्योत थेट तळाची काच तापवते. 40 तासांचा आकडा या सगळ्या पथ्यांसह आहे, हे विकताना सांगायला हवे होते.

सूचना दिल्या होत्या असे म्हणून मला सुटता आले असते. दिल्याही होत्या, पण भांड्याच्या बुडाला चिकटवलेल्या चिठ्ठीवर, बारीक इंग्रजीत. मेणबत्ती पेटल्यावर भांडे उलटे करून चिठ्ठी वाचणार कोण? आता तीच चिठ्ठी मराठीत, मोठ्या अक्षरांत, झाकणावर लावत आहोत, आणि प्रत्येक भांड्यातली वात मध्यावर आहे की नाही हे मेण ओतण्याआधी पट्टी लावून पाहतो.

पाण्याबद्दल मात्र कळकळीची विनंती. जळत्या मेणावर पाणी कधीही ओतू नये. पाणी मेणापेक्षा जड असल्याने खाली जाते, अतितापलेल्या मेणात त्याची एकदम वाफ होते आणि ती जळते मेण बाहेर फेकते. गरम काचेवर गार पाणी पडले तर काचही फुटते. फुंकरही नको, तिने मेण उडते. सोबत दिलेले झाकण वरून ठेवावे, ज्योत आपोआप मालवते.

पूर्ण रक्कम परत घ्यावी किंवा बदली मेणबत्ती न्यावी; भांडे टाकून दिले असेल तरी हरकत नाही, फोटो पुरेसे आहेत. कोणाला भाजले असल्यास कृपया दुकानात येऊन किंवा इथेच जरूर कळवावे. आणि भिंतीवरची काजळी ओल्या फडक्याने पुसू नये, ती पसरते. आधी कोरड्या मऊ ब्रशने हलकेच झाडून घ्यावी.

आपला,
दुकानाचा मालक, नौपाडा, ठाणे