हँडल लावायची राहिलीत का गं?

परवा नणंद आली. नवं स्वयंपाकघर बघायला म्हणून मुद्दाम डोंबिवलीहून ठाण्याला आली. चपला काढता काढताच "अगंबाई, किती उजेड!" म्हणाली, आत येऊन ओट्यावरून हात फिरवला, वरच्या कपाटांकडे मान उंचावून पाहिलं, खालच्या ड्रॉवरांकडे वाकून पाहिलं आणि अगदी निष्पापपणे विचारलं, "छान झालंय हो. हँडल लावायची राहिलीत का गं?"

माझे दोन्ही हात मनगटापर्यंत कणकेत. गेले चार महिने ह्या हँडलांवरून मी घरात रोज एकदा तरी आदळआपट करते. पण बाहेरच्या माणसासमोर घरचं झाकायची सवय इतकी हाडीमाशी की तोंडातून निघालं, "नाही हो ताई, सध्या असंच असतं. हँडललेस."

"हो का," ताई म्हणाल्या. त्यांचं 'हो का' मी पंचवीस वर्षं ऐकते आहे.

मग पळी काढायला मी ड्रॉवर कोपराने दाबला. आमचे ड्रॉवर ओढायचे नसतात, दाबायचे असतात. दाबला तो उघडला नाही, शेजारचा उघडला आणि सरळ माझ्या गुडघ्यावर आला. ताईंनी ते पाहिलं आणि पाहिलं नाही असं दाखवलं. ड्रॉवरपेक्षा ते जास्त लागलं.

हे हँडल प्रकरण आमच्या घरात कोणी आणलं ते सांगायलाच हवं, कारण ते ना मी आणलं, ना नवऱ्याने.

सिंकखालचा प्लाय फुगला, दार निखळून हातात आलं आणि नवीन किचन करायचं ठरलं. ठरल्याबरोबर घरातल्या प्रत्येकाला स्वयंपाकघराविषयी ठाम मतं आहेत असं निघालं. साखरेचा डबा कुठला हे ज्या माणसाला पंचवीस वर्षांत सांगता आलेलं नाही, तो 'वर्कफ्लो' म्हणायला लागला. त्याला भिंत पाडून ओपन किचन हवं होतं. सासूबाईंना भिंत तर हवीच होती, वर दारही हवं होतं, कारण तळणाला दृष्ट लागते. मुलगी बंगळुरूला आर्किटेक्चर शिकते, तिने व्हिडिओ कॉलवरून फर्मावलं, "आई, सगळं व्हाइट." भिंतीत कॉलम निघाला म्हणून भिंत वाचली. पांढरा रंग मात्र आलाच. ज्या घरात दिवसाला दोनदा हळदीची फोडणी होते तिथे पांढरं किचन म्हणजे होळीला पांढरा झब्बा घालून खाली उतरण्यासारखं आहे, हे मी म्हणाले. कोणी ऐकलं नाही.

तर एका शनिवारी आम्ही दोघं घोडबंदर रोडवरच्या एका शोरूममध्ये गेलो. तिथला डिझायनर माझ्या मुलीच्या वयाचा. त्याने टॅब उघडला आणि पहिला प्रश्न टाकला, "मॅम, तुमचं कुकिंग हेवी की लाइट?"

मी म्हटलं, "म्हणजे?"

"म्हणजे तडका वगैरे रोज असतो का?"

बाळा, तडका नाही, फोडणी. आणि रोज असते का काय विचारतोस? पण मी नुसतं "हेवी" म्हणाले. त्यावर त्याने ताशी बाराशे घनमीटर हवा ओढणारी चिमणी लिहिली. घरी आल्यावर मी हिशोब केला. माझं स्वयंपाकघर आठ बाय सात फूट, उंची साडेनऊ. म्हणजे जेमतेम पंधरा घनमीटर हवा. ही चिमणी कागदावर तरी दर पाऊण मिनिटाला माझं अख्खं स्वयंपाकघर ओढून बाहेर टाकणार. प्रत्यक्षात लाल मिरचीची फोडणी आजही तिसऱ्या मजल्यापर्यंत शिंका काढते. चिमणी तेवढ्यात आवाज करते.

मग त्याने 'ट्रँगल' काढला. सिंक, शेगडी आणि फ्रीज ह्यांचा त्रिकोण. हे अमेरिकेत इलिनॉय विद्यापीठात १९४०च्या दशकात बसवलेलं गणित. तिन्ही बाजू मिळून तेरा फुटांपेक्षा कमी नकोत आणि सव्वीसपेक्षा जास्त नकोत. माझा फ्रीज १९९९ पासून हॉलमध्ये टीव्हीशेजारी आहे, कारण आत मावत नाही. पोराने न डगमगता त्रिकोणाचा एक कोपरा भिंतीतून आरपार काढून हॉलमध्ये नेला आणि म्हणाला, "परफेक्ट."

आणि इथे काका आले.

आले म्हणजे, ते आधीपासून होतेच. नमुन्याच्या किचनमध्ये एक उंच काउंटर होता, त्याच्या बार स्टुलावर बसले होते. पांढरा अर्ध्या बाह्यांचा शर्ट, खिशाला पेन, पायाशी कापडी पिशवी आणि पिशवीतून डोकावणारी अळूची पानं. स्टुलावरून पाय जमिनीला पोचत नव्हते, ते हळूहळू हलत होते. इतका निवांत माणूस शोरूममध्ये कोण असणार? मी मनात म्हटलं, मालक.

डिझायनर विचारत होता, "हँडल की हँडललेस?" मी म्हटलं हँडल. नवरा म्हणाला हँडललेस, लुक क्लीन येतो. एकास एक.

"हँडल घेऊ नका," काका स्टुलावरून म्हणाले.

आम्ही वळलो. काका उतरले. उतरणं सोपं नव्हतं, आधी एक पाय, मग पिशवी, मग दुसरा पाय असं ते झालं. आमच्याजवळ येऊन त्यांनी एका ड्रॉवरला करंगळी टेकवली. टक्. ड्रॉवर पुढे आला. "एक बोट. फक्त एक बोट. आता हे बघा." त्यांनी ड्रॉवर हलकेच लोटला. तो अर्ध्यात आला, जरा विचारात पडल्यासारखा थांबला आणि आपल्या आपण, आवाज न करता मिटला. काका आमच्याकडे असे बघत होते की जणू तो त्यांनी जन्माला घातला होता.

"आमच्या हिचा पदर अडकला होता हँडलात. १९९१ साली. कढीचं पातेलं हातात. सगळी कढी जमिनीवर." थोडं थांबून म्हणाले, "भजी वाचली. ती अजून सोडायची होती."

मी म्हणाले, "मी साडी नेसत नाही हो रोज."

"ओढणी असते ना? गाऊनचा खिसा असतो. खिसा तर फार वाईट अडकतो. पुढे जावं म्हटलं तर जाता येत नाही, मागे वळून कुणाशी भांडावं म्हटलं तर मागे कोणी नाही."

हे खरं होतं. हे इतकं खरं होतं की मला उत्तर सुचेना. शिवाय मालकाशी वाद कोण घालणार? नवरा जोरजोरात मान हलवत होता. डिझायनरने टॅबवर टिचकी मारली. आणि काका थांबेनात. ग्रॅनाइट नको, क्वार्ट्झ घ्या. कोपऱ्यात ते फिरतं जाळीचं कपाट घ्या, त्यात हरवलेली वस्तू निदान फिरत तरी राहते. चमच्यांच्या ट्रेला खाचा मोजून घ्या. ओट्याची उंची चौतीस इंच ठेवा.

"मी चार फूट अकरा आहे," मी म्हणाले.

"पाट घ्या," काका म्हणाले.

चहा आला. चार कप. काकांनी बशीतली दोन बिस्किटं उचलली, एक खाल्लं, एक रुमालात ठेवलं. डिझायनर अदबीने त्यांच्याकडे वळला, "बाबा, कोटेशनवर तुमचं नाव टाकू की सरांचं?"

नवरा म्हणाला, "बाबा कोण?"

डिझायनर माझ्याकडे बघून म्हणाला, "तुमचे ना, मॅम?"

मी म्हणाले, "माझे? हे तुमचे मालक ना?"

तिघांनी काकांकडे पाहिलं. काकांनी चहाचा घोट घेतला. "मी? मी इथे बसतो," ते म्हणाले. "चार ते सहा. एसी असतो."

कोणी काही बोललं नाही. मघाशी मीच उघडा टाकलेला एक ड्रॉवर नवऱ्याच्या कोपराने लोटला गेला आणि तो त्या शांततेत सावकाश, अगदी सावकाश मिटला.

मग कळलं ते असं. काकांच्या सूनबाईंनी ओपन किचन केलंय. "आता घरात कुठेही बसलं तरी स्वयंपाकघरातच बसल्यासारखं होतं. पाहुणे आले की मी मधे. कुकर लावला की मी मधे." स्वतःचा चहा करून घ्यावा म्हटलं तर शेगडी काचेची, बोट लावून चालू होणारी. "तिला माझं बोट समजत नाही. कातडी सुकली म्हणे." हे त्यांनी तक्रारीच्या सुरात नाही सांगितलं, आज पेपर उशिरा आला म्हणतात तसं सांगितलं. मला काय बोलावं सुचेना म्हणून मी आणखी बिस्किटं पुढे केली.

तेव्हाच हँडलं बदलून घ्यायची. पण सूट त्याच दिवसापुरती होती, आणि बाहेर आल्यावर नवरा म्हणाला, "कोणी का असेनात, मुद्दे बरोबर होते त्यांचे." आता लावायची म्हटलं तर ॲक्रिलिकला भोकं पाडावी लागतील आणि भोकं पाडली की वॉरंटी जाईल. मी पळीच्या ड्रॉवरच्या वरच्या कडेवर एक नाडी डकवली होती, परकराची, ओढायला. नवऱ्याने ती सोलून काढली. लुक जातो.

मुलीला फोनवर हे सांगितलं तर ती म्हणाली, "आई, सगळ्या मॉड्युलर किचनांची आजी एक बाई आहे, माहितीये?" मार्गारेटे शुट्टे-लिहोत्स्की. १९२६ साली फ्रँकफर्टमधल्या कामगारांच्या नव्या घरांसाठी तिने स्वयंपाकघर आखलं, साधारण सव्वासहा बाय सव्वाअकरा फुटांचं, आणि तशी दहा हजारांच्या आसपास बसवली गेली. पिठाचे ड्रॉवर ओक लाकडाचे, किडे होऊ नयेत म्हणून. डाळ-तांदूळ-साखरेला ॲल्युमिनियमचे छोटे खण, ओढून काढायचे आणि टोकाच्या चोचीने थेट पातेल्यात ओतायचे. खणांना काय होतं? हँडल! शंभर वर्षांपूर्वी. आणि गंमत म्हणजे ह्या बाईंनी नंतर स्वतःच सांगून टाकलं की ते आखेपर्यंत त्यांनी कधी स्वयंपाक केलेला नव्हता. चालेल. निदान बाईची पावलं किती पडतात, वेळ किती जातो, ह्याची मोजदाद बघून तरी आखलं. आमच्याकडे न मोजणाऱ्यांचीच बहुमताने सत्ता आली.

माझी आजी राजापूरकडची. चूल, शेजारी वैल, सगळा स्वयंपाक बसून. गॅस आला तेव्हा मामाने हौसेने कडप्प्याचा उभा ओटा बांधला, वाडीतल्या बायका बघायला आल्या. आजीने एक स्टूल ओढलं, त्यावरून ओट्यावर चढली, शेगडीशेजारी मांडी घालून बसली आणि भाकरी थापायला लागली. मामा हात जोडून "आई, उतर" म्हणतोय. आज शोरूमवाले उंच काउंटर आणि त्यापुढे उंच स्टुलं विकतात तेव्हा मला वाटतं, आजी पन्नास वर्षं पुढे होती. आणि मी? मी तिच्या पाटावर उभी राहून पोळ्या लाटते.

क्वार्ट्झचं राहिलं. दगडाची भुकटी आणि राळ, पांढराशुभ्र. त्याच्यावर गरम कढई ठेवायची नाही, राळेला डाग पडतो. जुन्या ग्रॅनाइटवर मी कुकर दाणकन् आदळायचे. आता कढईला आधी आसन मांडायचं, मग तिने बसायचं. जावयाचे लाड परवडले. पण ज्या दिवशी तो ओटा बसवला त्या दिवशीचं मला हसण्यावारी नेता येत नाही. एक विशी-बाविशीचा पोरगा आमच्या जिन्यात, तोंडाला नुसता रुमाल बांधून, कटरने तो कापत होता. पापण्यांपर्यंत पांढरा झालेला. कापताना उडणारी ही सिलिकाची धूळ कामगारांच्या फुफ्फुसात जाते म्हणून ऑस्ट्रेलियाने १ जुलै २०२४ पासून असा दगड बंदच केला. मी त्याला म्हटलं, पाणी मारून काप रे. तो म्हणाला, "काकू, चिखल होतो, सोसायटीवाले ओरडतात." आणि खरंच, अर्ध्या तासात खालचे सेक्रेटरी आले. धुळीबद्दल नाही. जिन्याच्या फरशीबद्दल. मी त्यांच्याशी भांडले, पोराला चहा दिला, आणि ओटा घेतलाच. परत काही केला नाही.

गेल्या आठवड्यात शोरूममध्ये गेले होते, ड्रॉवर आपोआप उघडतो म्हणून सांगायला. मी ओट्याला टेकले की तो उघडतो, आणि टेकल्याशिवाय मला सिंकच्या नळापर्यंत पोचता येत नाही. "मॅम, टेकू नका," असं सांगण्यात आलं.

काका स्टुलावर होते. समोर एक नवं जोडपं, मुलगी हातातल्या वहीत काहीतरी लिहून घेत होती. टक्. ड्रॉवर पुढे आला. मला बघून काकांनी ओळख दिली. "झालं का किचन? हँडल नाही ना लावलीत?"

"नाही."

"छान केलंत."

मला राहवलं नाही. "काका, तुमच्याकडे सूनबाईंनी काय केलंय? हँडललेसच ना?"

"छे हो. पितळी आहेत, चांगली वीतभर लांब," काका म्हणाले आणि पिशवी सावरत हळूच खाली उतरले. "फार बरी पडतात. खाली वाकलं की उठायला आधार होतो."

मुलगी वहीतून वर बघत होती, एकदा त्यांच्याकडे, एकदा माझ्याकडे. तिच्या ओढणीचं एक टोक नमुन्याच्या ड्रॉवरात बंद झालं होतं आणि ते अजून तिच्या लक्षात आलं नव्हतं.