स्पॅम कोणी लावला मागे? घरच्या घरी शोधा

तर मंडळी, सकाळी मेल उघडला की गायमुखच्या चढावर ट्रक बंद पडल्यावर मागे जशी रांग लागते तशी रांग असते ना? त्यात कामाचा मेल एकच, बाकी प्री-अप्रूव्हड लोन, टक्कलावरचं तेल आणि परदेशातल्या कुठल्यातरी विधवेचे खास तुमच्यासाठी अडकून पडलेले कोट्यवधी. तर ते डिलीट करून मोकळे होऊ नका. डिलीट काय कोणीही करतं. आपल्याला मेल बंद होण्यात इंटरेस्ट नाहीये, आपला आयडी कोणी दिला त्याचं नाव पाहिजे.

आधी मेलच्या तळाशी मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरात अनसबस्क्राइब असतं ते दाबत सुटा. ओळखीच्या दुकानाचं दाबू नका, ते खरंच बंद होईल. अनोळखी मेलवर दाबायचं, म्हणजे पलीकडच्याला कळतं की हा आयडी जिवंत आहे, माणूस मेल उघडतो, पार खालपर्यंत वाचतो आणि वर चिडतो पण, असं गिऱ्हाईक कोण सोडेल. फोटो दाखवू का विचारलं तर बिनधास्त हो म्हणा, त्यात एखादा डोळ्याला न दिसणारा ठिपका असतो, तो लोड झाला की तिकडे वर्दी जाते, साहेब उठले.

आता तपास. जीमेलमध्ये तीन टिंबं, मग शो ओरिजिनल. लाईट बिलाच्या मागच्या बाजूसारखा मजकूर दिसेल, घाबरू नका. रिसीव्ह्डच्या ओळी, म्हणजे मेल कुठल्या कुठल्या सर्व्हरमधून फिरत आला त्याचे शिक्के, खालून वर वाचायच्या. फ्रॉमवर जाऊ नका, तिथे कोणीही काहीही लिहितो, पाकिटावर मी प्रेषक म्हणून राष्ट्रपती लिहिलं तर पोस्टमन थोडीच अडवणारे. खालच्या रिसीव्ह्ड ओळीसुद्धा खोट्या घालता येतात, भरवसा फक्त आपल्या सर्व्हरने स्वतः टाकलेल्या वरच्या ओळींचा. मी दोन रात्री जागून एक आयपी, म्हणजे सर्व्हरचा इंटरनेटवरचा नंबरातला पत्ता, काढला, सर्व्हर निघाला रोमानियात. खोपट डेपोतून रोमानियाची एसटी सुटत नाही, त्यामुळे तो धागा तिथेच सोडला.

पूर्वी हे सोपं होतं हो. ३ मे १९७८ ला अमेरिकेत गॅरी थर्क नावाच्या मार्केटिंगवाल्याने कॉम्प्युटर खपवायला अर्पानेटवरच्या (इंटरनेटचा आजोबाच तो) चारेकशे लोकांना एकच मेल धाडला, पहिला स्पॅम म्हणतात तो हाच. पत्ते आले छापील डिरेक्टरीतून, बसून टाईप केलेले, इतके की पत्त्यांच्या रकान्यात मावेनात आणि उरलेले खाली मजकुरात सांडले. कोणी दिला आयडी? डिरेक्टरीने. संपला विषय. आपल्याकडे मॉलमध्ये चकचकीत गाडी उभी करून लकी ड्रॉचे फॉर्म भरून घेतात, आणि ती गाडी जिंकलेला माणूस मी आजवर पाहिलेला नाही.

म्हणून मी प्लसची ट्रिक धरली. जीमेलच्या आयडीत आपल्या नावापुढे अधिकचं चिन्ह टाकून काहीही लिहा, मेल तुमच्याकडेच येतो. जिमला +जिम, चष्मेवाल्याला +चष्मा, सोसायटीला +सोसायटी. ज्या शेपटीवर कचरा येईल तो चोर. कित्येक वेबसाइट ते चिन्ह बघून इनव्हॅलिड म्हणून बोंबलतात आणि जरा हुशार स्पॅमवाला शेपूट छाटूनच टाकतो, पण आपला चोर तेवढा हुशार नसणार अशी आशा धरायची.

नव्हताच. एका आठवड्यात +जिमवर ४१ मेल! पनवेलजवळचे प्लॉट, मॉड्युलर किचन, शिर्डी टूर, गुडघ्याचं तेल, श्रवणयंत्र. श्रवणयंत्राला मी जरा थबकलो, पण म्हटलं आमच्या जिममधलं म्युझिक ऐकून कोणालाही तेच लागेल, बिझनेस माइंड आहे यांचं.

गेलो. काउंटरवरच्या पोराला प्रिंटआउट दाखवले, २०२३ चा डेटा प्रोटेक्शनचा कायदा सांगितला (त्याचे नियम यायला नोव्हेंबर २०२५ उजाडलं, ते नाही सांगितलं), आणि आवाज चढवून म्हणलं दंड २५० कोटींपर्यंत आहे, कळलं का! तो म्हणाला, "सर, ट्रेडमिलचा पट्टा दोन महिने झाले तुटलाय, तो बदलायचे पैसे नाहीयेत." पुढे म्हणाला की त्यांनी माझा आयडी अजून कॉम्प्युटरमध्ये चढवलाच नाहीये, फॉर्म ड्रॉवरमध्येच आहे, आणि काढून दाखवला. त्यावर चहाचा डाग होता. मी "बघून घेईन" म्हणून बाहेर पडलो, माझ्याकडे दुसरं वाक्य तयार नव्हतं.

घरी आलो तर बाबा गावदेवी मैदानावरच्या प्रदर्शनातून नुकतेच आलेले, हातात नवी कापडी पिशवी, पिशवीत भाजीचा चॉपर, फुकट मिळालेला. अशा पिशव्या स्वयंपाकघराच्या दाराला आधीच सहा लटकतायत. खिशातली डायरी टेबलावर उघडी पडली होती. शेवटच्या पानावर पेन्शनच्या खात्याचा नंबर, त्याखाली गॅसचा ग्राहक क्रमांक, त्याखाली निळ्या शाईत, ठसठशीत कॅपिटलमध्ये, माझा आयडी. +जिम सकट.

"बाबा, हे काय?"

"अरे तूच सांगितलंस ना त्या दिवशी जेवताना, की हा आयडी दिला की चोर सापडतो. म्हणून मी सगळीकडे हाच देतो."

"सगळीकडे?"

"मग! आणि स्टॉलवरच्या पोरी विचारतात, काका तुम्ही जिमला जाता? मी हो म्हणतो."

तर चोर सापडला, ट्रिक शंभर टक्के चालते, जरूर करून बघा. फक्त जिमला मी हल्ली सकाळी सहाला जातो, त्या पोराची ड्युटी नऊला सुरू होते. बाबांसाठी वेगळा +बाबा काढलाय आणि डायरीत जुन्याच्या खाली माझ्या हाताने लिहून दिलाय. त्यांनी तो चष्मा लावून वाचला, परत वाचला, आणि डायरी मिटून खिशात टाकली. नाही आवडला त्यांना. त्यात जिम नाही.