एलईडीचे रिबेट, ‘पळवलेला’ मीटर आणि कापलेला चोक

न्यू जर्सीतील मराठी दुकानदारांच्या व्हॉट्सॲप गटांत सध्या एक लांबलचक संदेश फिरतो आहे. त्याचा सारांश असा: दुकानातील जुन्या ट्यूबलाइट काढून एलईडी दिवे बसवल्यावर वीज कंपनी जे रिबेट, म्हणजे खर्चाचा काही भाग परत, देते तो सापळा आहे, तो पैसा तुमच्याच करांतून येतो, कंपनी नंतर स्मार्ट मीटर पळवून, म्हणजे मुद्दाम वेगाने फिरवून, तो वसूल करते, एलईडीमुळे हिवाळ्यात हीटिंगचे बिल वाढते आणि ‘50,000 तासांचे आयुष्य’ ही शुद्ध थाप आहे, म्हणून कंपनीच्या नादी न लागता एलईडी ट्यूब ऑनलाइन मागवाव्यात, जुन्या फिक्स्चरमधील बॅलास्ट कापून तारा थेट जोडाव्यात, इलेक्ट्रिशियनवर पैसे घालवू नयेत आणि काम झाल्यावर पावती पाठवून रिबेट मात्र घ्यावे. शेवटी एक फोन क्रमांक आणि ‘बिलाचा फोटो पाठवा, आम्ही मार्गदर्शन करू’ असा आग्रह. जो सापळा म्हणून सांगितला तोच शेवटी पदरात पाडून घ्यायचा, ही विसंगती लिहिणाऱ्याच्या लक्षात आलेली दिसत नाही.

ओक ट्री रोडवर किराणा मालाचे दुकान चालवणाऱ्या माझ्या मावसभावाने हा संदेश वाचून ट्यूबची खोकी मागवूनही टाकली, म्हणून हे लिहिणे भाग पडले. एरवी मीटर पळवण्याच्या गोष्टीला उत्तर देत बसण्याची मला हौस नाही.

सर्वांत घातक भाग आधी घेतो. बॅलास्ट, म्हणजे ज्याला आपण चोक म्हणत आलो, तो कापून तारा थेट जोडा, हा सल्ला कोणती ट्यूब हे न सांगता दिलेला आहे. एलईडी ट्यूब तीन प्रकारच्या असतात. ‘टाइप ए’ जुन्या बॅलास्टवरच चालते, ‘टाइप बी’साठी बॅलास्ट काढून मुख्य लाइनचा दाब थेट सॉकेटपर्यंत आणावा लागतो, ‘टाइप सी’ला बाहेर वेगळा ड्रायव्हर, म्हणजे एलईडीला योग्य वीजप्रवाह पुरवणारा भाग, लागतो. मावसभावाकडे आलेल्या खोक्यावर बारीक अक्षरांत ‘टाइप ए’ असे छापलेले होते. म्हणजे जो बॅलास्ट कापायला सांगितले होते, त्याच बॅलास्टवाचून ती ट्यूब चालणार नव्हती. थेट लाइनवर जोडली असती तर ती जळाली असती, आणि नुसती ट्यूब जळण्यावर निभावले असते याचीही खात्री नाही.

ट्यूब ‘टाइप बी’ असती तरी काम सोपे नव्हते. अमेरिकेतील व्यापारी इमारतींत दिव्यांचे सर्किट अनेकदा 277 व्होल्टचे असते, घरातल्यासारखे 120 व्होल्टचे नसते. लहानपणी 230 व्होल्टचा झटका खाऊन मोठे झालेले आपले लोक इथल्या विजेला किरकोळ समजतात. त्यांनी शिडीवर चढण्याआधी हा आकडा दोनदा वाचावा. त्यातही जुने फिक्स्चर इन्स्टंट-स्टार्ट बॅलास्टचे असेल, तर त्यातील सॉकेट बहुधा ‘शंटेड’ असतात, म्हणजे त्यांचे दोन्ही संपर्क आतून एकमेकांना जोडलेले असतात. एकाच टोकाकडून वीज घेणारी ट्यूब अशा सॉकेटमध्ये बसवून फेज आणि न्यूट्रल तिथेच दिले, की शॉर्टसर्किट झालेच म्हणून समजावे. दोन्ही टोकांकडून वीज घेणारी ट्यूब ब्रेकर चालू ठेवून बसवली, तर एक टोक सॉकेटमध्ये आणि दुसऱ्या टोकाच्या पिना हातात, अशी अवस्था येऊ शकते. फिक्स्चरमध्ये असा बदल केल्यावर त्यावर इशाऱ्याचे लेबल चिकटवावे लागते, कारण उद्या दुसरे कोणी त्यात साधी फ्लुरोसंट ट्यूब बसवायला जाईल. संदेशात या लेबलचा उल्लेखही नाही. शिवाय न्यू जर्सीत व्यापारी जागेतील वायरिंगचे काम परवानाधारक इलेक्ट्रिकल कॉन्ट्रॅक्टरकडूनच करून घ्यायचे असते. स्वतःच्या राहत्या घरापुरती जी सवलत आहे ती दुकानाला लागू होत नाही, आणि जागा भाड्याची असेल तर घरमालकाची लेखी परवानगी वेगळी.

एवढे करून ‘पावती पाठवून रिबेट घ्या’ हेही घडत नाही. व्यापारी जागांसाठीच्या रिबेटमध्ये साधारणपणे काम सुरू करण्याआधी अर्ज आणि मंजुरी लागते, नंतर तपासणीही होऊ शकते, आणि ट्यूबचे किंवा पॅनेलचे नेमके मॉडेल डिझाइनलाइट्स कन्सॉर्शियम या ना-नफा संस्थेच्या यादीत असावे लागते. नाव ओळखीचे आहे किंवा डब्यावर ‘एनर्जी सेव्हिंग’ लिहिले आहे, एवढ्याने भागत नाही. छोट्या दुकानांसाठी वेगळी सोय आहे: कंपनीने नेमलेला कॉन्ट्रॅक्टर येऊन पाहणी करतो, खर्चाचा मोठा भाग कार्यक्रमातून भागवला जातो आणि उरलेली रक्कम बिनव्याजी हप्त्यांनी बिलातून फेडता येते. काही विक्रेते यालाच ‘फुकट’ म्हणतात. ते फुकट नाही, हप्ते आहेत, आणि सही करण्यापूर्वी ते किती हे विचारावे.

आता पैसा कुठून येतो ते पाहू. तो करांतून येत नाही. न्यू जर्सीत 1999 च्या वीज स्पर्धा कायद्याने प्रत्येक बिलावर ‘सोसायटल बेनिफिट्स चार्ज’ नावाचा अधिभार लागू झाला आणि ऊर्जाबचतीच्या कार्यक्रमांना त्यातून पैसा मिळू लागला. पुढे 23 मे 2018 रोजी गव्हर्नर फिल मर्फी यांनी क्लीन एनर्जी ॲक्टवर सही केली. हा कायदा एकदा वाचला की संदेशातील निम्मे मुद्दे आपोआप गळून पडतात. त्यात वीज कंपन्यांना बंधन घातले आहे, की आपल्या ग्राहकांचा वार्षिक वापर आधीच्या तीन वर्षांच्या सरासरीच्या 2 टक्क्यांनी कमी करण्याचे लक्ष्य पाच वर्षांत गाठावे. गॅस कंपन्यांसाठी हेच प्रमाण 0.75 टक्के आहे. लक्ष्य चुकले तर दंडाची आणि ओलांडले तर प्रोत्साहनाची तरतूद आहे, आणि कार्यक्रमांवरचा खर्च बोर्ड ऑफ पब्लिक युटिलिटीज या राज्याच्या वीज-गॅस नियामक मंडळाच्या मंजुरीने दरांतून वसूल करण्याची मुभा आहे. ‘वीज विकणारी कंपनी वीज कमी वापरा म्हणून पैसे का देईल?’ या प्रश्नाचे उत्तर इथे आहे. शिवाय पीएसई अँड जी किंवा जेसीपी अँड एल या वितरण कंपन्या आहेत. लिलावातून घेतलेली वीज त्या नफा न लावता ग्राहकाला देतात. वापर घटल्याने वितरणाच्या उत्पन्नात येणारी तूट भरून काढण्याची यंत्रणाही बोर्डाने मान्य केलेली आहे.

म्हणून ‘कंपनी वसूल करते’ यात अर्धे सत्य आहे, हे नाइलाजाने मान्य करतो. वसुली होते, पण ती सर्व ग्राहकांकडून, मंजूर दरांतून, उघडपणे होते, आणि तुम्ही रिबेट घेतले नाही तरी तुमच्या बिलातून ती चालूच राहते. मग जो घेत नाही तो शेजारच्या दुकानाच्या दिव्यांचे पैसे भरतो, एवढेच.

मीटर पळवण्याच्या मुद्द्याला पुरावा म्हणून संदेशात एका बिलाचे चित्र जोडले आहे: एलईडी बसवल्यानंतर बिल वाढलेले. चित्र नीट मोठे करून पाहिल्यास तारीख 2025 च्या उन्हाळ्यातली दिसते. न्यू जर्सीसह अनेक राज्यांची ग्रिड चालवणाऱ्या पीजेएमच्या जुलै 2024 च्या क्षमता-लिलावात (गरजेच्या वेळी वीज देण्यास तयार राहण्याबद्दल वीजकेंद्रांना मिळणाऱ्या रकमेच्या लिलावात) दर दिवसाला प्रति मेगावॅट 28.92 डॉलरवरून 269.92 डॉलरवर गेला, आणि त्याचा परिणाम म्हणून 1 जून 2025 पासून न्यू जर्सीतील घरगुती बिले कंपनीगणिक सुमारे 17 ते 20 टक्क्यांनी वाढणार असल्याचे बोर्डाने आधीच जाहीर केले होते. छोट्या दुकानांची वीजही याच बाजारातून येते. म्हणून डॉलरचा आकडा न पाहता किलोवॅट-अवरचा, म्हणजे युनिटचा आकडा गेल्या वर्षीच्या त्याच महिन्याशी ताडून पाहावा. त्या चित्रात युनिटचा रकाना कापलेला आहे, हा योगायोग असेल असे मला वाटत नाही. तरीही संशय राहिलाच तर कंपनीकडे मीटर तपासण्याची मागणी करता येते.

हीटिंगचा मुद्दा खरा आहे, पण अगदीच चिमूटभर. चार ट्यूबचे जुने फिक्स्चर बॅलास्टसकट साधारण 112 वॅट घेते, त्याजागी येणारे पॅनेल 40 वॅट. दुकान रोज बारा तास उघडे असेल तर वर्षाला सुमारे 310 युनिट वाचतात. युनिटला 17 सेंट धरले तर 53 डॉलर. यातले निम्मे युनिट हिवाळ्यातले मानले आणि त्यांची सगळी उष्णता गॅसच्या भट्टीने भरून काढायची म्हटली, तर 80 टक्के कार्यक्षमतेने साडेसहा थर्म (बिलावरचे गॅसचे एकक) गॅस लागेल, म्हणजे थर्मला सव्वा डॉलर दराने आठ डॉलर. त्यातले बरेचसे उन्हाळ्यात एसीवरचा भार हलका झाल्याने परत येतात. विजेच्या हीटरवर चालणाऱ्या दुकानात हा तोटा मोठा असेल, हे खरे. मात्र किराणा दुकानातील फ्रीझरमध्ये लावलेल्या ट्यूबची गोष्ट नेमकी उलटी आहे: तिथे दिव्याची वीजही आपण भरतो आणि त्याची उष्णता बाहेर काढणाऱ्या कॉम्प्रेसरचीही.

50,000 तासांचा अर्थ दिवा तोवर जळत राहील असा नसून, तोवर त्याचा प्रकाश मूळच्या 70 टक्क्यांपर्यंत टिकेल असा आहे, आणि त्यात ड्रायव्हर धरलेला नसतो. ड्रायव्हर आधी जाऊ शकतो, म्हणून डिझाइनलाइट्स कन्सॉर्शियमच्या यादीतील मालावर किमान पाच वर्षांची वॉरंटी मागितलेली असते. संदेशात सुचवलेल्या मालाच्या पानावर मला एक वर्ष दिसले.

राहिला तो फोन क्रमांक. बिलावर तुमचा खाते क्रमांक असतो, आणि न्यू जर्सीत वीज पुरवठादार निवडता येत असल्यामुळे तिसऱ्याच पुरवठादाराच्या एजंटाला गिऱ्हाईक वळवून घेण्यासाठी नेमकी हीच माहिती हवी असते. दुकानात येऊन ‘रिबेटसाठी बिल दाखवा’ म्हणणारी माणसे याच जातकुळीतली. अर्ज कंपनीच्या स्वतःच्या संकेतस्थळावरून किंवा बिलावर छापलेल्या क्रमांकावरून सुरू करावा. फोटो आधीच पाठवून झाला असेल, तर पुढच्या बिलावर पुरवठादाराचे नाव तपासावे, आणि ते बदललेले दिसल्यास त्याच दिवशी कंपनीला फोन करून बोर्डाकडे तक्रार नोंदवावी. मावसभावाने ट्यूब परत पाठवल्या आहेत. बिलाचा फोटो मात्र त्याने पाठवला होता.